दारावरचं साल

ओळंब्याने आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि तीही दगडात कोरून.

हा गवंडी. बोलणं भिंतीची सरळ रेघ तपासायच्या ओळंब्यासारखं सरळ, कुणाची भीड नाही, म्हणून वस्ती त्याला ओळंबा म्हणायची. आज शहराच्या ऐन मध्यावर असलेली ही वस्ती, तो पंचविशीत आला तेव्हा नुसत्या वखारी आणि चिखल होती. वखारी हटल्या, कारखान्याच्या कामगारांसाठी खोल्या उठल्या, त्यातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. पुढे कारखाने शहराबाहेर गेले, मागोमाग कामगार गेले, आणि वस्तीकडे कुणी ढुंकून बघेना. मग अचानक ती शिकलेल्या लोकांच्या मनात भरली. नळावर बादल्या आपटत भांडणं व्हायची तिथे कॉफीची दुकानं आली. पोपडे आलेल्या भिंतींपुढे उभे राहून लोक फोटो काढू लागले. गिलावा ओळंब्याचाच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कोपऱ्यावरची तीन मजली इमारत त्याने बावन्न वर्षांपूर्वी बांधली. मालकाकडे सगळं होतं, फक्त खानदान नव्हतं. "दारावर माझ्या पणजोबांच्या काळातलं साल टाक," तो म्हणाला. बदल्यात तळमजल्यावरची खोली कायमची राहायला मिळणार होती. घरी नवी नवरी होती. ओळंब्याने मान डोलावली आणि छिन्नी उचलली.

तीच खोली आता जाणार होती. शहराच्या कार्यालयाने फतवा काढला होता: शंभर वर्षांहून जुन्या इमारती जपायच्या. जपायच्या म्हणजे आधी आतली माणसं उपनगरात हलवायची. तपासणीला आलेल्या बाई दारावरचं एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं साल बघून हरखून गेल्या.

"ते खोटं आहे, बाई. मी कोरलंय."

"काहीतरीच काय, काका! असं काम आता कोण करतं?"

ओळंब्याने कपाळावर हात मारला. त्यांना जिन्याखाली नेऊन त्याने थापीच्या टोकाने गिलावा खरवडला. आत लोखंडी सळया होत्या. "एकशे चाळीस वर्षांपूर्वी इथे असला काँक्रीटचा जिना कोण ओतत होतं?"

बाईंचा चेहरा पडला. "मग ही यादीतून काढावी लागेल."

"काढा की!"

"यादीत नाहीत त्या पाडायच्यात, काका. इथे गाड्या लावायची जागा होणार आहे."

"आणि आम्ही?"

"तुम्ही उपनगरातच."

ओळंब्याने भिंतीवर हात ठेवला. बावन्न वर्षांत तिला एक तडा गेला नव्हता.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "माझं वय झालंय, काहीबाही आठवतं. सळया दुरुस्तीत घातल्या असतील. लिहा एकशे चाळीस."

बाईंचा जीव भांड्यात पडला. जुना रहिवासी म्हणून त्यांनी त्याची सहीही घेतली.

बायको खोलीच्या दारातच उभी होती. "काय झालं?"

"इमारत राहणार."

"आणि आपण?"

"आपण नाही. खोली तशीही जाणारच होती गं."

"जाणारच होती," ती म्हणाली. "पण मला विचारायचं तरी होतं. इतकी वर्षं इथे राहिले ती मीच ना? तुम्ही कायम दुसऱ्यांच्या भिंतींवर."

ती फळीवरची भांडी एकेक करून खाली काढू लागली.