रिकाम्या कॅनची गाडी

सरूमावशीचं दूध सकाळी साडेआठला संपायचं आणि त्यानंतर ती घरी जायची नाही. शहरात उस्मानपुऱ्यातला शेवटचा रतीब घातला की रिकामे कॅन खडखडवत ती छावणी, पडेगाव, मिटमिटा मागं टाकायची. दौलताबादच्या अलीकडं तिच्या गावचा फाटा. तो आला की माणूस वेग कमी करतं, मावशी वाढवायची. गाव बाजूला राहायचं, ती किल्ल्याच्या दरवाज्यातून पुढं, घाट चढून वर, खुलताबादच्या वेशीपाशी गाडी वळवायची आणि तोच घाट उतरून मग घर. वर तिचं काही काम नव्हतं. नातलग नव्हते. देवदर्शनाचं निमित्तसुद्धा नव्हतं.

"भरल्या कॅनची गाडी घरची," ती म्हणायची, "रिकाम्या कॅनची माझी."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. उस्मानपुऱ्यात एका जिन्याखालच्या खोलीत आमच्या बायकांच्या संघटनेचं ऑफिस होतं. पत्रकं लिहिणं हे माझं काम, आणि चहाला अर्धा लिटर दूध घालणं हे मावशीचं. साडीवर नवऱ्याचा बाह्या दुमडलेला शर्ट, डोक्याला घट्ट गुंडाळलेला पंचा, पायात नवऱ्याचेच बूट आणि बूट सैल म्हणून आत चिंध्यांचे बोळे. गाडी म्हणजे नवऱ्याची जुनी मोटारसायकल, लाल टाकीची. टाकी पुसायचं एक पिवळं फडकं ती शर्टाच्या खिशात ठेवायची आणि आम्ही पातेलं आणेपर्यंत टाकी पुसत उभी राहायची. छावणीतला मिस्त्री म्हणायचा, "खाला, टंकी में मुंह दिखता." मावशी म्हणायची, "तुझं दाखवू नको, माझं दूध नासंल."

कॅन फार वाजतात, आत पोतं कोंबा, असं मी एकदा सुचवलं. "वाजू दे की," ती म्हणाली. "दूध संपल्याची खबर हाय ती."

ती गाडीवर कशी आली, हे तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. तिचा नवरा, कचरूकाका, गोठ्यात घसरला आणि त्याचा गुडघा मोडला. पाय प्लास्टरमध्ये, आणि चाळीस घरांचा रतीब शहरात वाट बघत. काकानं बाज पडीत रानाच्या कडेला टाकायला लावली आणि बाजेवर पडून बायकोला गाडी शिकवली. "क्लच! अगं क्लच दाब! म्हशीची धार नाय ती, एकदम सोडू नको!" चार दिवसांत मावशी तीनदा पडली, एकदा सरळ बाजेवरच आली. पाचव्या दिवशी दूध घेऊन शहरात.

दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं. काका चालायला लागला. एका पहाटे त्यानं हात पुढं केला, "आण चावी." मावशी म्हणाली, "म्हशी तुम्हाला वळखत्यात, गाडी मला. जिचं तिला राहू द्या." काका हात मागं घेऊन गोठ्यात गेला. त्यानंतर चौदा वर्षं त्यानं धारा काढल्या आणि तिनं गाडी चालवली.

"पण मावशी, रोज घाटात काहून जाता?" मी विचारलं. मला काही तरी मोठं उत्तर हवं होतं.

"मजा येती."

"तसं नाही. म्हणजे, नेमकं काय वाटतं?"

"आगं, मी मेंढरामागं वाढले. सात वर्षांची व्हते तव्हापासून चालले, मेंढरांच्या चालीनं. त्यांच्याम्होरं जायचं नाय, त्यांच्यामागं ऱ्हायचं नाय. लगीन झालं, मग सासूच्या चालीनं. घाटात तिसरा गेर टाकला ना, तर मला म्हाईत असतं, ही चाल माझी हाय." आणि पातेलं परत देत म्हणाली, "आन् लई मजा येती. ते बी लिही."

ते मी लिहिलं नाही.

महिला दिनाच्या मोर्चासाठी पत्रक काढायचं होतं आणि मला मावशी हवी होती. पत्रकाला लागतं तसं मी लिहिलं: "नवरा अंथरुणाला खिळला, चूल विझायची वेळ आली, आणि नाइलाजाने सरूबाईने हाती हॅन्डल घेतले." नवऱ्याचा गुडघा दोन महिन्यांत बरा झाला, हे मी गाळलं. चावी परत न दिल्याचं गाळलं, घाट गाळला. मला खरं ठाऊक होतं. पण मजेसाठी गाडी फिरवणाऱ्या बाईचं पत्रक कोण वाचणार, असं मला वाटलं. पुरुष गाडीवर बसला तर त्याला कुणी विचारत नाही, बाबा, तुझ्यावर असा काय प्रसंग ओढवला? बाईनं मात्र आधी रडकथा सांगायची, तेव्हा कुठं तिला किक मारायची परवानगी. हे मला आज कळतं, आणि तेव्हा ती परवानगीची चिठ्ठी मीच छापत होते. पाचशे प्रती. मावशीला वाचता येत नव्हतं. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ही बाई बिचारी कोण हाय गं?" आणि हसली. मीही हसले.

दोन वर्षांनी एका सकाळी ती दुधाचं माप खाली ठेवून म्हणाली, "दत्ता गाडी इकतोय."

दत्ता तिचा मुलगा. वाळूजच्या कारखान्यात कायम झाला होता, लग्नाची बोलणी सुरू होती. मी तडक तिच्या गावी गेले. ओट्यावरच सुरू केलं: गाडी कुणाची? विकणारा तू कोण? दत्तानं मला पाणी दिलं. मग आतून एक घडी घातलेला कागद आणला. कागद मी लांबूनच ओळखला.

"ताई, हे तुम्हीच लिहिलं ना? 'नाइलाजाने.' मी जपून ठेवलंय. आईनं आमच्यासाठी लई सोसलं, हे मला ह्याच्यातून कळलं. आता मी कमावतो. नाइलाज संपला. सोयरे येतात, ही कॅन लावून रस्त्यानं दिसते. लोक तोंडावर म्हणतात, पोरगा कमावता झाला तरी आईला राबवतो. सांगा, मी काय चुकीचं करतो?"

मोर्चात मी पोलिसांशी भांडलेली मुलगी. त्या ओट्यावर मी त्या कागदाची घडी पुन्हा घातली.

"सांगा ना तुम्ही, मावशी," मी तिच्याकडं वळले. "हौसेनं चालवता म्हणून सांगा त्याला."

"आता कशी सांगू?" ती निवडत असलेल्या शेंगांवरून नजर न काढता म्हणाली. "सगळ्या गावानं कागद वाचलाय. आता म्हणलं हौस व्हती, तर मंग कागदात खोटं सांगितलं का म्हणतील. पोरी, तुला तर म्या खरं सांगितलं व्हतं."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

गाडी वैजापूरच्या एका कांदेवाल्यानं घेतली. तो टेम्पो पाठवणार होता. मावशी म्हणाली, "टेम्पोत झोपून नाय जायची ती. मीच नेऊन देते," आणि मला म्हणाली, "चल, तू बी बस." तीन वर्षं मी तिच्यावर लिहीत, बोलत होते, पण तिच्या मागं एकदाही बसले नव्हते. निघताना कचरूकाकानं दोन्ही चाकांची हवा अंगठ्यानं दाबून पाहिली. "मागल्यात बरी हाय," एवढंच बोलला.

वैजापूरचा रस्ता वेगळा, बिनघाटाचा. मावशीनं गाडी घाटाकडं घातली. किल्ल्याच्या दरवाज्यात हॉर्न दिला, तो दगडात घुमला. पहिल्या वळणाला मी तिचा शर्ट मुठीत आवळून ताठ बसले. "आगं, लाकूड हाईस का?" ती ओरडली. "गाडी जिकडं कलंल तिकडं तू बी कल! तिच्याशी भांडू नको!" दुसऱ्या वळणाला मी थोडी कलले. तिसऱ्याला दरी एकदम खाली दिसली, वारा तोंडात शिरला आणि मी मोठ्यानं हसले, कारण नसताना. मावशीनं वळून पाहिलं नाही. "आलं ध्यानात?" म्हणाली.

वैजापुरात तिनं टाकी शेवटची पुसली, चावी दिली आणि फडकं मात्र खिशात परत ठेवलं. येताना आम्ही एसटीत शेजारी बसलो. लासूरच्या पुढं बस एका वळणाला वळली आणि मावशीचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मला वाटलं, डुलकी आली. पाहिलं तर डोळे उघडे, समोर रस्त्यावर, आणि ती वळणाच्या बाजूला कलली होती. पुढच्या वळणालाही. मग मीही कलले. कंडक्टर आमच्याकडं बघत राहिला.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. भेटायला गेले तर फाट्यावरच गावानं फ्लेक्स लावलेला, जिथं ती वेग वाढवायची बरोबर तिथं. डोक्यावर पदर घेतलेला फोटो आणि खाली: "नाइलाजाने हाती हॅन्डल घेऊन संसार तारणाऱ्या कष्टाळू माउलीस श्रद्धांजली." शब्द माझेच. माझं एवढं एकच वाक्य लोकांनी पाठ केलं.

ओट्यावर काका बसला होता. त्यानं मला बसायला जागा केली. "गाडी गेली तरी साडेआठ वाजले की हातातलं काम ठेवून हितं बसायची," तो म्हणाला. "पाऊण तास. मंग उठायची." खिडकीच्या गजाला पिवळं फडकं बांधलेलं होतं.

फ्लेक्स उन्हानं विटेल तेव्हा विटेल. दुरुस्ती मात्र ज्या हातानं चूक केली त्यानंच करायची असते, म्हणून लिहिते. सरूबाई चौदा वर्षं, रोज सकाळी पाऊण तास, निव्वळ मजेसाठी गाडी चालवायची. दूध त्याआधीच संपलेलं असायचं.