पाचव्या शब्दानंतर

उभ्या मराठवाड्यात तोंडाने बोलायचा सगळ्यांत जास्त कंटाळा कुणाला असेल तर तो माझ्या साडूंना, आणि जगाशी बोलायची सगळ्यांत जास्त हौस कुणाला असेल तर तीही त्यांनाच. माझ्या लग्नात हा माणूस तीन दिवस मांडवात वावरत होता आणि त्या तीन दिवसांत त्यांनी उच्चारलेले सगळे शब्द आमच्या सासऱ्यांना पाठ होते. त्यांतला एक "वाढा" होता आणि दुसरा "पुरे". जालन्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत ते फिटर होते. तिथे दिवसभर इतका खडखडाट चाले की बोलणं म्हणजे श्वास वाया घालवणं. तिथली सवय ते घरी घेऊन येत. अशा माणसाने वयाच्या अडतिसाव्या वर्षी एके दिवशी जाहीर केलं की, आपण सरकारची परीक्षा देणार, परवाना काढणार, घरात बिनतारी यंत्र बसवणार आणि जपानपासून ब्राझीलपर्यंत जो भेटेल त्याच्याशी बोलणार. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, तेव्हा भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आधी शेजारच्या काकूशी बोला. चार साल झाले, त्या मला इचारून राह्यल्या, तुमचे मालक मुके हायेत का म्हणून."

या हौसेचं मूळ एका जुन्या इंग्रजी मासिकाच्या पानात होतं. मुंबईहून फॅक्टरीत आलेले नटबोल्ट त्या पानात गुंडाळलेले होते. साडूंनी ते पान इस्त्री करून घेतलं आणि शब्दकोश उशाशी ठेवून दोन महिने वाचलं. त्यात लिहिलं होतं की घरबसल्या यंत्र लावून देशोदेशीच्या लोकांशी बोलणारी हौशी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच तोंडाने बोलत नाहीत, तारेच्या ठोक्यांनी बोलतात. छोटा ठोका, लांब ठोका, कड आणि कट्ट. त्यांतून अक्षर, अक्षरांतून शब्द. तोंड न उघडता जगाशी बोलता येतं हे कळल्यावर साडूंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्यांच्या दोन्ही मुलांच्या बारशाला मी पाहिलं नव्हतं. अडचण एवढीच होती की परीक्षेत मिनिटाला बारा शब्द वाजवून दाखवावे लागत आणि ते शिकवणारं जालन्यात कुणी नव्हतं. म्हणजे होतं, पण ते निवृत्त होऊन स्टेशनामागे पान खात बसलेलं होतं.

ते म्हणजे उस्ताद. निजामाच्या राज्यापासून चाळीस वर्षं त्यांनी जालना स्टेशनात तारबाबूचं काम केलं होतं. निवृत्त होताना स्टेशनातल्या लोकांनी त्यांना एक जुनं, पितळेचं, तारेचे ठोके ऐकवणारं यंत्र भेट दिलं होतं आणि ते त्यांनी दिवाणखान्यात घड्याळाच्या जागी मांडलं होतं. साडूंच्या वतीने बोलायला मी बरोबर गेल्यामुळे त्यांचं पहिलं बोलणं मला शब्दशः आठवतं. ते म्हणाले, "तार उँगली में नै रैती बाबू, कलाई में रैती. आवाज बदल जाता, हाथ नै बदलता. मनमाड से कोई बी बजाव, मैं यहाँ बैठ के नाम बोल देता था." मग आपल्या मनगटाकडे पाहत म्हणाले, "चालीस साल ये हाथ एकीच बात बोला. माल का डिब्बा आया, माल का डिब्बा गया. मेरा हाथ तुम ले लेव. एक बार दरिया पार जाने देव उसकू." साडूंनी मान हलवली. एवढ्यावर शिकवणी ठरली: रोज पहाटे, जिनाचा भोंगा व्हायच्या आत.

पुढचं वर्ष अक्काच्या घरात शांतता अशी राहिलीच नाही. साडू ताटावर चमचा वाजवत, तांब्यावर नखं वाजवत, सायकलची घंटा कडकट्टात वाजवत. आंघोळीला बसले की बादलीतून निबंध ऐकू यायचा. छपरावरून समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणली होती, ऐकायच्या यंत्रासाठी. शेजारच्या काकूंनी तिचा दुसरा अर्थ घेतला आणि त्यावर धुणं वाळत घातलं. साडूंनी तक्रार केली नाही. एक वही घालून त्यांनी नोंद ठेवली की, लुगडं वाळत असताना कोलंबो नीट लागतं आणि गोधडी टाकली की काहीच लागत नाही. तारवाल्या लोकांत निरोपाच्या शेवटी "शुभेच्छा" म्हणून ७३ हा आकडा वाजवायची पद्धत आहे. साडूंनी तो सासऱ्यांच्या पत्राखाली घातला. सासरे तेव्हा अडुसष्टाचे होते. आपलं वय जावयाने पाच वर्षं पुढे ढकललं, एवढाच अर्थ त्यांना लागला आणि दिवाळीपर्यंत ते दुखावलेले राहिले.

अक्का चौथी शिकलेली. तिला इंग्रजी ए-बी-सी लिहिता येत नव्हती, पण वर्षभरात ती वाजवता येऊ लागली. एकदा साडूंनी बाहेरच्या खोलीतून पाटावर बोटाने "चहा" वाजवला, निव्वळ सरावासाठी. आतून पोळपाटावर लाटणं वाजलं: "दूध न्हाई." साडू खूश झाले. मग त्यांनी घड्याळ लावून मोजलं, तर अक्काचा वेग त्यांच्यापेक्षा जास्त निघाला. त्यानंतर दोन दिवस त्यांनी चहा तोंडाने मागितला.

परीक्षा हैदराबादला होती. बोलायची वेळ आली तर असावा म्हणून अक्काने मला बरोबर धाडलं. यंत्रविद्येचा तोंडी भाग झाला. तिथे साडूंनी आकृत्या काढून उत्तरं दिली. ठोके ऐकून लिहून घ्यायचा भाग तर बिनचूक झाला. मग वाजवायची पाळी आली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. साडूंचं मनगट असं सुरेख चाललं होतं की मलाही धीर आला. आणि मग ते थांबले. त्यांनी मान सावकाश डावीकडे वळवली, क्षणभर तशीच ठेवली, पुन्हा समोर आणली आणि पुढे वाजवू लागले. पाच शब्दांनंतर पुन्हा तेच. आणखी पाच शब्द, पुन्हा मान. परीक्षकांनी आधी त्यांच्या डावीकडे काय आहे ते पाहिलं. तिथे भिंत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "गर्दन में कुछ तकलीफ है क्या?" साडूंनी नाही म्हणून मान हलवली, त्यातही वेळ गेला. मिनिटाला बारा शब्द पाहिजे होते, नऊ भरले.

परतीच्या गाडीत परभणीला मी दोन चहा घेतले. मग विचारलं, "साडूभाऊ, ते मान वळवणं काय होतं?"

"नियम हाय," ते म्हणाले. "पाच शब्द, मंग मान, मंग पुढं."

"कोणत्या पुस्तकात?"

"पुस्तकात न्हाई. उस्तादांनी शिकवलं तसं करून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर स्टेशनामागे गेलो. उस्तादांना निकाल सांगितला आणि जरा वाजवून दाखवा म्हणून विनंती केली. उस्तादांनी डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली. पाच शब्द झाले. तोंडातलं पान भरून आलं होतं. त्यांनी मान सावकाश डावीकडे वळवली, खाली ठेवलेल्या पीकदाणीत पिंक टाकली, मान समोर आणली आणि पुढे वाजवू लागले. साडूंनी ही पिंक वर्षभर पाहिली नव्हती असं नाही. पण त्यांची समजूत अशी होती की मान वळवणं हा तारेचा नियम, आणि वळलेल्या मानेचा उस्ताद फावल्या वेळात उपयोग करून घेतात.

मी ते उस्तादांना समजावून सांगितलं तेव्हा ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. मग पानदान बंद करून त्यांनी आत हाक मारली, "बेगम, इसकू संदूक में डालो. बाबू पास होए तक निकालना नै." त्यांच्या बेगम, म्हणजे आमच्या चाची, दारात आल्या. पानदान हातात घेऊन म्हणाल्या, "चालीस साल से मैं बोल बोल के थक गई, मेरे वास्ते नै छोड़े."

पुढचे पाच महिने उस्ताद बडीशेप चघळत शिकवत होते आणि चाचींच्या सांगण्याप्रमाणे घरात कुणालाच नीट उत्तर देत नव्हते. साडूंना त्यांनी डावा गाल भिंतीला टेकवून बसवलं, म्हणजे मान वळायला जागाच उरू नये. त्या भिंतीवर साडूंच्या डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग पडला. त्या पाच महिन्यांत माझ्या मनात साडूंच्या यंत्राविषयी जी काय चेष्टा होती ती हळूहळू कमी होत गेली. पिकल्या केसांचा एक माणूस दुसऱ्याच्या परीक्षेसाठी आपल्या जन्माची सवय मोडत होता, आणि दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. दुसऱ्या वेळी हैदराबादला साडूंनी परीक्षकांकडे एकच मागणी केली: खुर्ची भिंतीला लावून मिळावी. मिळाली. ते पास झाले.

परवाना यायला मात्र आणखी सव्वा वर्ष गेलं. चौकशीला एक जमादार आला. त्याने अक्काला विचारलं, "घरात काय चालतं?"

"कट्ट कट्ट," अक्का म्हणाली.

"कुणाशी?"

"माझ्याशीच. मीठ किती टाकू, दूध संपलं का, अशा गोष्टी."

जमादाराने ते सगळं लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला. या सव्वा वर्षात पानदान संदुकीतून बाहेर आलं होतं, पण उस्तादांचे कान गेले. आधी एक, मग दुसरा. साडू पहाटे जाऊन बसत तेव्हा ते पितळेच्या यंत्रावर बोटं ठेवून साडूंचे ठोके बोटांनी वाचत. "जल्दी मँगाव परवाना," ते मला म्हणाले, "कान गए, अब हाथ बी जाएँगे." मी तहसिलात नोकरीला होतो; माझ्या हाती काही नव्हतं तरी मी आठवड्याला एक अर्ज टाकत होतो.

परवाना आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच टांग्यातून उस्तादांना आणलं. मांडीवर पितळेचं यंत्र, पायाशी पीकदाणी. साडूंनी वनस्पती तुपाच्या डब्यात बांधलेलं आपलं यंत्र मोटारीच्या बॅटरीला जोडलं. ते वाजवतील ते उस्तादांच्या यंत्रावरही उमटावं म्हणून दोन तारा त्यालाही जोडल्या. अक्काने काकूंना धुणं काढायला लावलं. पाऊण तास साडू हाका घालत होते. मग हेडफोनमध्ये त्यांना काहीतरी ऐकू आलं आणि त्यांचा चेहरा इतका गंभीर झाला की अक्का घाबरली. कोलंबोहून कुणीतरी उत्तर देत होतं. साडूंनी डावा गाल भिंतीला टेकवला आणि वाजवायला लागले. आपलं नाव, गावाचं नाव, कापसाचं गाव आहे वगैरे. एकही खंड नाही, एकही चूक नाही.

उस्ताद डोळे मिटून, बोटं पितळेवर ठेवून बसले होते. आधी हसरे होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "हाथ साफ है. बहोत साफ है. पर किसका है ये? दरिया पार कौन जा रा?"

तोंडाने सांगून उपयोग नव्हता. साडूंनी वाजवणं थांबवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढली. मोजून पाच शब्द वाजवले आणि थांबून मान सावकाश डावीकडे वळवली. त्या थांब्यात उस्तादांची मानही आपोआप वळली आणि पीकदाणीत पिंक पडली. साडू पुढे वाजवू लागले. पुन्हा पाच शब्द, पुन्हा थांबा. उस्तादांनी डोळे उघडले नाहीत, पण बोटं पितळेवर घट्ट दाबली. "हौ," ते म्हणाले. "अब मैं गया." त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. तेवढ्यात कोलंबोवाल्याने विचारलं, यंत्र बिघडलं का, आवाज मधेच तुटतो. साडूंनी उत्तर वाजवलं आणि नंतर ते मला तोंडाने सांगितलं, हे विशेष: "म्हटलं, गुरुजी पान खाऊन राह्यले, जरा थांबा." तो थांबला.

उस्ताद त्या पावसाळ्यात गेले. चाचींनी पितळेचं यंत्र साडूंकडे पाठवलं. पानदान स्वतःकडे ठेवलं. साडू आता रोज पहाटे कुणाकुणाशी बोलतात, आणि पाचव्या शब्दानंतर थांबतात. दूरदूरच्या लोकांना आता ते ठाऊक झालं आहे. नाव कळायच्या आधी ते थांब्यावरून ओळखतात. परवा मी अक्काकडे जेवायला गेलो होतो. मी आणि साडू बाहेर पाटावर बसलो होतो, अर्थातच न बोलता. आतून पोळपाटावर लाटणं वाजायला लागलं. मला ते वाचता येत नाही, मोजता मात्र येतं. पाच शब्द झाले आणि लाटणं थांबलं. साडूंनी मान सावकाश डावीकडे वळवली. मीही मोजता मोजता थांबलो.