ब्रेकचं तेल

सासऱ्यांनी ती जर्मन गाडी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. इचलकरंजीच्या एका कारखानदाराने नवी घेतली आणि जुनी काढली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ती नुसती बघायला म्हणून गेले आणि तिच्यात बसूनच घरी आले. दारात दोन ट्रॅक्टर, गोठ्यात म्हशी आणि अंगणात ही लांबलचक पांढरी गाडी. आत लाकडाची पट्टी, कातडी सीटा, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. गल्ली बघायला लोटली.

"मामा, गाडी हाय का देव्हारा?" एकाने विचारलं.

"चपला काढून आत बस, मग कळंल," मामा म्हणाले.

गाडी मामांची, पण चालवायची मी. नवऱ्याला त्याची मोटरसायकल पुरायची. मामा ट्रॅक्टर हाकायचे तेव्हा बघत राहावं, पण या गाडीचे गिअर त्यांच्या हातात खरखरायचे. मी लग्नाआधीच गाडी शिकले होते. त्यामुळे चालवणं माझ्याकडे आलं आणि चालवणाऱ्याकडे दुरुस्ती आपोआप येते.

पहिल्याच आठवड्यात कळलं की गाडी गळते. मी रात्री तिच्याखाली पुठ्ठा सरकवायची आणि सकाळी ओढून बघायची. काळा डाग इंजिनचा, तांबूस डाग स्टिअरिंगचा. उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडे मी तो पुठ्ठाच घेऊन गेले. तो हसला.

"वहिनी, पत्रिका घेऊन आलाय व्हय? ह्या गाडीचं तेल गळायचं थांबलं की घाबरायचं. म्हंजे आत तेलच उरलं न्हाय."

पुढची काही वर्षं मी त्याच्याकडे येत-जात राहिले. एका बाजूचं सील बदलावं तर दुसऱ्या बाजूने पाझर फुटायचा. मुंबईहून भाग यायला महिना लागायचा. तोवर उद्यमनगरात कोणीतरी तसाच भाग लेथवर घडवून द्यायचा. या काळ्या-तांबड्या डागांचा त्रास होता. भीती नव्हती.

भीती एका हिवाळ्यात आली. रंकाळ्याकडे उतरताना समोर उसाची बैलगाडी होती. मी ब्रेक दाबला आणि तो लोण्यात पाय जावा तसा आत गेला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, तेव्हा कुठे गाडी थांबली. काचेसमोर नुसता ऊस दिसत होता. बैलगाडीवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. मी गाडी तिथेच बाजूला घेऊन बसून राहिले.

पुढच्या चाकातलं ब्रेकचं रबर गेलं होतं. मिस्त्रीने ते बदललं. मग बॉनेट उघडून मला ब्रेकच्या तेलाची छोटी पांढरी बाटली दाखवली.

"हितं बघायचं. तेल ह्या रेघेच्या वर हाय, बास. वरनं भरायचं न्हाय. उतरलं तर समजायचं कुठंतरी गळतंय, आन् गाडी हितं आणायची. भरत बसलात तर गळती कळणारच न्हाय."

तेव्हापासून कितीही घाई असली तरी आधी बॉनेट, मग किल्ली. बाटलीतलं तेल अर्ध्याच्या जरा वर असायचं. ते तिथे आहे हे दिसलं की मी गाडीत बसायची. तरी उतार आला की मी आधीच दोनदा ब्रेक दाबून बघायची. घरात मी कोणाला हे बोलले नाही. बोलले असते तर मामा म्हणाले असते, "बाईमाणूस हाय, भ्यायचंच." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः स्टिअरिंगवर बसले असते. त्याची मला जास्त भीती.

एका वर्षी नवरात्रात सर्व्हिसिंग करून गाडी मिस्त्रीच्या पोरानेच घरी आणून लावली. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा असते. कोयते, खुरपी, विहिरीवरचं इंजिन, दोन्ही ट्रॅक्टर, आणि आता गाडी. मामांचा एक नियम होता. पूजेला लावलेलं कुठलंही यंत्र रितं असता कामा नये. इंजिनची डिझेलची टाकी काठोकाठ, ट्रॅक्टरची तेलं वरपर्यंत, म्हशीच्या गव्हाणीतसुद्धा ओली वैरण. "रित्या भांड्याची पूजा केली की वरीसभर रितंच ऱ्हातं," असं ते म्हणायचे. तो दिवस त्यांचा. आम्ही बायका नैवेद्यात असायचो.

दसऱ्यानंतर बॉनेट उघडलं तर ब्रेकची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. सर्व्हिसिंगला मिस्त्रीनेच भरली असेल असं मी धरलं. रोज बघायची, तेल जागचं हलत नव्हतं. पहिल्यांदाच त्या गाडीत मला जरा निर्धास्त वाटलं.

माझी नणंद रत्नागिरीला दिलेली. मामांची एकुलती लेक. लग्न झाल्यापासून मामा तिच्याकडे एसटीनेच गेले होते आणि तिच्या सासरच्यांनी एकदा चेष्टेत विचारलं होतं, "व्याही, एवढा ऊस पिकवता, तर येता कसले लाल डब्यातून?" मामा ते विसरले नव्हते. त्या दिवाळीत त्यांनी ठरवलं की पाडव्याला फराळ घेऊन जायचं आणि गाडी लेकीच्या दारात लावायची. नवऱ्याला रजा नव्हती. मामा, मी आणि तिसरीतली माझी मुलगी असे निघालो. मागच्या सीटवर फराळाचे डबे आणि मधोमध मुलगी.

मलकापूरपर्यंत मला जाणवत होतं की काहीतरी वेगळं आहे. एरवी सपाट रस्त्यावर पाय काढला तरी गाडी पळत राहायची. आज पाय काढला की ती लगेच जड व्हायची, कोणीतरी मागून धरल्यासारखी. आणि ब्रेकचं पेडल कडक लागत होतं. कडक म्हणजे चांगलं, असं मला वाटलं. मला मऊ पेडलची धास्ती होती, कडकची नव्हती.

घाटाच्या तोंडाशी आंबा गावात चहाला थांबलो. दार उघडताच करपल्यासारखा वास आला. मी पुढच्या चाकाजवळ हात नेला तर हाताला भट्टीसारखी धग लागली.

"मामा, चाक फार तापलंय."

"चाक हाय त्ये, तापणारच. बर्फ हाय व्हय?" मामा टपरीकडे निघाले. "चल, च्या घे."

मी बॉनेट उघडलं. बाटली भरलेली. तेल आहे म्हणजे गळती नाही, गळती नाही म्हणजे ब्रेक आहेत. एवढंच मला शिकवलं होतं आणि त्याच हिशेबावर मी घाट उतरायला घेतला.

पहिली दोन-तीन वळणं बरी गेली. मग पेडल मऊ पडलं. चौथ्या का पाचव्या वळणाच्या आधी मी ब्रेक दाबला आणि तो थेट खालच्या पत्र्याला टेकला. पुन्हा दाबला. पत्रा. तिसऱ्यांदा. पत्रा. वळण मी नुसत्या स्टिअरिंगवर काढलं. डबे एका बाजूला घसरले.

"आई, चकल्या सांडल्या," मुलगी म्हणाली.

"राहू दे. खाली बस. सीटच्या खाली, पाय ठेवतात तिथे. डोकं माझ्या सीटला टेकव."

"का?"

"बस सांगितलं ना."

ती बसली. माझा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. मीही ऐकला नव्हता.

"मामा, ब्रेक लागत नाही."

"जरा दाबून बघ की."

"दाबलाय. खाली टेकलाय." मी गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकला. इंजिन किंचाळलं, गाडीने हिसका दिला, वेग थोडा कमी झाला. पुरेसा नाही. उजवीकडे दरी होती. तिकडे मी बघत नव्हते, पण ती बाजू मोकळी आहे, तिथे झाडांचे फक्त शेंडे आहेत, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून कळत होतं. "तेल कसं काय... आत्ता भरलेलं बघितलं मी," मी म्हणाले. मी स्वतःशीच बोलत होते.

"त्याल कमी असायचं कारणच न्हाय," मामा म्हणाले. "म्या सोता भरलंय. खंडेनवमीला."

"कुठलं भरलं?"

"ट्रॅक्टरच्या ब्रेकचं. नवा डबा फोडून. ब्रेकचंच त्याल हाय की!"

ट्रॅक्टरच्या ब्रेकचं तेल वेगळं असतं. ते गाडीत गेलं की आतली रबरं भिजवलेल्या पावट्यासारखी फुगतात, ब्रेक सुटेनासे होतात, चाकं तापतात, आणि उतारावर तेल उकळलं की पेडलमध्ये काही उरत नाही. हे मिस्त्रीने मला नंतर सांगितलं. घाटात मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की बाटलीत जे बघून मी तीन आठवडे निर्धास्त होते, ते ब्रेकचं तेल नव्हतंच.

पुढे वळण, आणि वळणावरून वर येणारा ट्रक. त्याचा हॉर्न आधी ऐकू आला. मी हँडब्रेक पूर्ण ओढला. मागून घासल्याचा आवाज आला, गाडी किंचित आवरली. डावीकडे दरड होती आणि रस्ता व दरड यांच्यामध्ये पावसाचं पाणी जायचा चर. थांबायची दुसरी जागा नव्हती. मी पहिला गिअर कोंबला आणि डावी चाकं चरात घातली.

काय काय मोडलं ते मला आवाजावरून कळत नव्हतं. मामांच्या बाजूचा आरसा गेला, मग दार दरडीला खरडत राहिलं, दगड खालून आदळत राहिले. मामांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. मग गाडी तिरकी होऊन थांबली. ट्रक शेजारून वर गेला आणि पुढे जाऊन उभा राहिला.

मी मागे हात घातला. केस हाताला लागले. "आहेस ना?"

"हो. पण माझ्या अंगावर चिवडा आहे."

तिला बाहेर काढलं, हातपाय हलवून पाहिले, दरडीच्या कडेला उभी केली. मी रस्त्यातच बसले.

ट्रकवाला खाली उतरून आला. त्याने गाडीकडे, मग मामांकडे बघितलं. "काय पावणं, गाडी चरायला सोडली व्हय?" मग चाकांतून निघणारा धूर बघून त्याची चेष्टा थांबली. "ब्रेक गेलं न्हवं? थंड झालं की लागतील. तासभर थांबा." मला म्हणाला, "वैनी, चर गावला म्हणून. फुडल्या वळणाला चर न्हाय." आणि निघून गेला.

मामांनी त्याच्या बोलण्यातला 'लागतील' हा शब्द तेवढा धरला. अर्ध्या तासाने धूर थांबला तसे ते माझ्या बाजूने आत जाऊन बसले आणि पेडल दाबून बघितलं.

"आलं की! बघ, कडक लागतंय. आता हळूहळू जाऊया. चार दगडं सारली की गाडी निघतीया."

"नाही."

"अगं, निम्मा घाट उतारलोय. लेक वाट बघतीया. तुला भ्या वाटत आसंल तर म्या चालीवतो." त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे."

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. मामांनी मागितलं आणि मी दिलं नाही असं एकदाही घडलं नव्हतं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना फक्त व्याह्याच्या दारात ती गाडी उभी दिसत होती. मला पुढचं वळण दिसत होतं, ज्याला चर नव्हता. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"तुम्ही मला काय वाटेल ते बोला. घरी गेल्यावर चारचौघांत बोला. पण ही गाडी आता खाली जाणार नाही."

"गाडी माझी हाय."

"पोरगी माझी आहे."

मामा दरडीकडे तोंड करून उभे राहिले. मी मागच्या सीटवरचे डबे बाहेर काढले, सांडलेलं झटकलं, झाकणं लावली. एक झाकण बसेना. मुलीने ते बसवलं.

वरून रत्नागिरीची एसटी आली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला. ड्रायव्हरने थांबवली. गाडी बघून कंडक्टरने काही विचारलं नाही, नुसतं दार धरलं. मी मुलीला चढवलं, डबे चढवले, मी चढले.

"बाबा येणार का हितंच ऱ्हाणार?" कंडक्टर ओरडला.

मामा गाडीकडे बघत होते. एसटीचं इंजिन धडधडत होतं. मला वाटलं ते येणार नाहीत. मग त्यांनी धोतर सावरलं आणि चढले. माझ्या शेजारी जागा होती, पण ते पलीकडच्या सीटवर बसले, माझ्याकडे न बघता.

एसटी पहिल्या वळणाला आली. माझा उजवा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला गेला. मी पलीकडे पाहिलं. मामांनी समोरचा दांडा घट्ट धरला होता आणि त्यांचा उजवा पाय, चपलेसकट, तसाच पत्र्यावर जोराने रोवलेला होता. पुढचं वळण आलं, पुन्हा तसंच. घाटाखालचं साखरपा येईपर्यंत आम्ही दोघं आपापल्या जागेवरून ती एसटी थांबवत होतो.