पोपट छाप तेलाची अर्धी बाटली

आमच्या घरात गावाला पुरेल एवढं घासलेट होतं आणि घरात दिवा लावायची मात्र बंदी. आखाडा बाळापुरातलं ते माझं सासर. पुढं दुकान, मधल्या खोलीत डब्यांची थप्पी, चूल पार मागं परसात. कुणी विडी ओढत दुकानाकडं आलं तर सासरे त्याला रस्त्यातूनच हाकलायचे. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, मग अंधारात चाचपडत अंथरुणं घालायची. मी नवी सून त्याच मधल्या खोलीत, डब्यांना पाठ लावून निजायची. केसांना, लुगड्याला, भाकरीलासुद्धा तोच वास. बाहेर पडायचं ठिकाण एकच, विहीर; आणि तिथंही बाया वासावरून ओळखायच्या, "आली डबेवाल्याची सून."

माहेर माझं नरसीचं. वडीलही घासलेटच विकायचे, पण दुसऱ्या कंपनीचं. त्यांच्या डब्यावर हरीण, आमच्या डब्यावर पोपट. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही कंपन्यांची जुंपली होती. एकीनं डबा स्वस्त केला की दुसरी गिऱ्हाइकाला दिव्याची चिमणी फुकट द्यायची. एकाच धंद्यातली दोन घरं, पोरगी सुखात राहील, असं सगळ्यांना वाटलं.

लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत हिंगोलीत दोन्ही कंपन्यांचे एजंट एकत्र बसले. त्यांनी गावं वाटून घेतली. कळमनुरीच्या वाटेवरची, म्हणजे आमच्याकडची, पोपटाची; नरसीकडची हरणाची. गावात दुकान एकच, आणि त्यानं आपला माल हद्दीपार जाऊ द्यायचा नाही. गेला तर डबे बंद. भांडण मिटलं, भाव चढले. हिंगोलीच्या नाक्यावर दोघांचा मिळून एक माणूस बसला. तो जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाड्या तपासायचा.

यातलं मला काय कळावं! माझ्या डोक्यात एकच खूळ: हरणाचं तेल धूर काढत नाही, पोपटाचं काढतं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. तिच्याशी यावरून रोज वाद.

"तुमच्या तेलानं भिंती काळ्या झाल्या, आत्याबाई."

"आपण दिवा लावतो कुठं? तुझ्या तोंडाची वाफ लागली असंल."

पहिलटकरीण झाले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. त्या अंधाऱ्या खोलीतून सुटायची एवढी एकच वाट मला दिसत होती. आईपाशी उजेडात निजायचं, एवढंच मनात घोकत मी महिने काढले. भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा सासऱ्यांनी त्याला बजावलं, "गाडीत तेलाचा थेंब न्हाई पायजे. नाक्यावर तकलीफ नको."

थेंब नव्हताच. अर्धी बाटली होती. पेटीत, लुगड्यांच्या घडीत, मी स्वतः ठेवलेली. माहेरी पोचल्यावर दोन्ही तेलं शेजारी शेजारी लावायची आणि पोपट किती धूर काढतो ते आईला दाखवायचं! एवढी अक्कल पोटात बाळगणारी बाई गाडीत ऐटीत बसली होती.

नाक्यावरचा माणूस गाडीभोवती फिरला. "वास येऊन राहिला."

भाऊ म्हणाला, "घासलेटवाल्याची सून हाय. वास येणारच."

"बाईचा वास बाईला. पेटीचा काहून येतो? खोला."

पेटी उघडली. बाटली उजेडात धरून त्यानं तेल किती ते पाहिलं. "यवढ्याशानं काय धंदा करनार हुतीस, बाई?"

धूर बघायचा होता, असं मी खरंखरं सांगितलं. तो हसला, भाऊ हसला नाही. गाडी तिथूनच परत फिरली. एजंटाच्या हातापाया पडून सासऱ्यांनी डबे चालू ठेवले, पण त्यानं अट घातली: या घरातलं माणूस नाका ओलांडणार नाही. आत्याबाईनं बाटली परत फळीवर ठेवली आणि म्हणाली, "दिसला का धूर?"

मग दिवस भरले ते त्याच घरात. आई तिकडून आली. नाक्यावरच्या माणसानं तिचे डिंकाचे लाडू फोडून पाहिले, दोन खाऊनही पाहिले. पोरगं झालं आणि सुईण म्हणाली, "बाजेखाली निखारे पायजेत. बाळंतीण शेकायची." डब्यांच्या खोलीत निखारे! सासरे दारातच ताठ झाले. पण आई आणि आत्याबाई त्या एका गोष्टीत एक झाल्या. डबे गोठ्यात गेले. त्यांच्या राखणीला सासरेही गोठ्यात गेले, आणि मी आत शेकत असेपर्यंत बाहेर म्हशीला शिव्या देत राहिले.

पोरगं चालायला लागलं तोवर लढाईमुळं तेलाचा तुटवडा पडला. विक्रीवर सरकारचा कंट्रोल आला, डब्यांवरची चित्रं गेली, कुणाची हद्द कुणाला राहिली नाही. तेव्हा कुठं मी नरसीला निघाले. या खेपेला फळीवरची तीच बाटली मांडीवर, उघडी, सगळ्यांना दिसेल अशी धरली होती. नाक्यावर कुणीच नव्हतं. मला जरा वाईटच वाटलं.

माहेरी दिवेलागणीला अंधार. वडिलांच्या दुकानातले डबे महिनाभर कोरडे होते. आईनं माझ्या बाटलीतलं तेल चिमणीत ओतलं, वात पेटवली आणि पोराचं तोंड उजेडात धरून पाहिलं.

"धूर काढतंय का, आई?" मी विचारलं.

"गप बस," आई म्हणाली. "लेकराला बघू दे."