दाराबाहेरचे बूट

साहेबाने बूट हाताने उचलला नाही. खिशातलं पेन काढलं, बुटाच्या मागच्या पट्टीत अडकवलं आणि मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा तो वर धरला.

"हूज आर दीज?"

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतलं माझं कौन्सिलचं, सरकारी भाड्याचं घर. भर सकाळ. समोरच्या घराचा पडदा थोडा बाजूला झाला आणि तसाच राहिला. साहेब बेनिफिट ऑफिसचा, सरकारी मदत देणाऱ्या खात्याचा. त्याच्या शेजारी शाल सावरत वहिनी उभ्या होत्या. ज्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी रक्ताच्या चादरी धुतल्या, तिथल्या मोठ्या डॉक्टरांची बायको. ऑफिसला मराठी बोलणारं माणूस हवं होतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं.

"अगं, ते विचारतायत, हे शूज कोणाचे? नीट सांग हं. इट्स सीरियस."

मी भडाभडा सांगितलं. बूट नवऱ्याचे. तो गेल्या वर्षी दुसरीबरोबर निघून गेला, कुठे आहे माहीत नाही. फॅक्टरीचे जुने बूट टाकून गेला. आमच्या गल्लीत डोकी भादरलेली गोरी पोरं फिरतात, आपल्या माणसांवर डूख धरलेली. दाराला पत्रं टाकायची फट असते, तिच्यातून घाण टाकतात, एकदा जळती चिंधी टाकली. घरात पुरुष नाही हे त्यांना कळलं तर आम्ही दोघी मायलेकी संपलो. म्हणून बूट बाहेर ठेवते. आत कोणी आहे असं वाटावं म्हणून.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग साहेबाकडे वळल्या.

"शी सेज दे आर हर हजबंड्स."

एवढंच. आणि खोटं तरी कसं म्हणायचं? बूट त्याचेच होते. लाँड्रीत राहून मला इंग्रजी कळायचं, बोलता मात्र यायचं नाही. अशा माणसाचे हाल कुत्रं खात नाही. आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते ऐकायचं आणि मान खाली घालून उभं राहायचं.

काम मी हौसेने सोडलं नव्हतं. नवरा गेल्यावर सुजाताला गल्लीतल्या एका बाईकडे ठेवून मी लाँड्रीत जायची. एकदा बॉयलर बिघडला म्हणून दुपारीच सुटले. त्या बाईच्या मागच्या खोलीत माझी पोर बाबागाडीत पट्ट्याने बांधलेली, तोंड भिंतीकडे. रडत नव्हती. तिने रडायचंच सोडलं होतं. कसं सोडवलं असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तीन वर्षांची व्हायला आलेली पोर, चुरूचुरू बोलायची, ती गप्प झाली ती झालीच. आई म्हणेना, पाणी म्हणेना.

मी दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले नाही.

इथे सरकार एकट्या आईला घर चालण्यापुरतं देतं. इन्कम सपोर्ट म्हणतात. मूल लहान आहे, बाई एकटी आहे, तर तिने घरी राहून मूल वाढवावं, असा कायदा. मला कायदा आवडला. मी दिवसभर पोरीशी बोलत बसायची. अट एकच होती, घरात पुरुष नको. म्हणजे पोरांना वाटलं पाहिजे की पुरुष आहे, आणि सरकारला पटलं पाहिजे की नाही. मधे मी.

मग एक तपकिरी गाडी दिसू लागली. समोरच्या फुटपाथला लागायची. आत एक माणूस, काच थोडी खाली. मी कपडे वाळत घातले की बघायचा. दूधवाला थांबला की बघायचा. आठवडाभर गाडी दिसायची नाही आणि मला वाटायचं सुटले. मग दार उघडावं तर समोरच उभी. त्या दिवशी त्याच गाडीतून साहेब उतरला आणि मागच्या दाराने वहिनी.

खरं सांगते, वहिनी येणार हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं. आपली भाषा बोलणारं माणूस येतंय. मी घर लख्ख केलं, पोहे केले, चहाला आलं घातलं. वहिनी आत आल्या. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली बुद्धाची मूर्ती. त्यांनी बघितलं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला होता, त्यांचा हातही निम्म्यापर्यंत आला होता. तो परत गेला.

"नको गं. आज माझा उपवास असतो."

पाण्याचाही उपवास. साहेब मात्र सोफ्यावर ऐसपैस बसला, चहा प्याला, पोहे खाल्ले, वर मागून घेतले. मग उठून माझ्या घरात शिरला. मोरीत जाऊन दात घासायचे ब्रश बघितले. कपाट उघडलं. माझे परकर बाजूला सारले. उशी उचलून नाकाशी नेली. माझी उशी. मी दारात उभी. वहिनी माझ्या मागे उभ्या, खुर्चीला स्पर्श होणार नाही अशा बेताने.

"होऊ दे. रूटीन असतं त्यांचं," त्या म्हणाल्या.

गोऱ्याने माझी उशी हुंगली आणि आपल्या माणसाला माझं पाणी चाललं नाही. यातलं जास्त काय लागलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

सुजाता जिन्याच्या पायरीवर बसली होती. साहेब तिच्यापुढे उकिडवा झाला. खिशातून गोळी काढली. आवाज अगदी गोड केला.

"व्हेअर्स डॅडी, स्वीटहार्ट?"

मला काही वाटलं नाही. पोर बोलतच नव्हती, तर सांगणार काय. पण तिने साहेबाकडे बघितलं, गोळीकडे बघितलं. हात वर केला. दाराकडे बोट दाखवलं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा बाहेर."

किती महिन्यांनी तो आवाज मी ऐकत होते. माझी माय बोलली. मी तिला उचलायला धावले आणि त्याच पावलाला मला कळलं की काय झालंय.

चूक माझी. दर संध्याकाळी दाराबाहेरचे बूट दाखवून मी तिला कडेवर घेऊन सांगायची, घाबरू नको, बाबा बाहेर उभे आहेत. पोरांच्या शिट्ट्या ऐकू आल्या की ती थरथरायची, म्हणून सांगायची. गावाकडे माझी आई असंच करायची. आम्हा भावंडांना निजवताना दाराशी बापाची काठी ठेवायची, म्हणायची, बाप राखण करतोय. बाप असायचा दूर कामाला. आम्हाला ते खरं वाटायचं आणि झोप लागायची.

"व्हॉट डिड शी से?" साहेबाने विचारलं.

"वहिनी," मी म्हटलं, "ती बुटांना बाबा म्हणते. तुम्हाला कळतंय ना? सांगा ना त्यांना."

वहिनींना कळलं होतं. मी त्यांचा चेहरा बघितला. आपल्यात कोणाला कळणार नाही हे?

"शी सेज हर फादर इज जस्ट आउटसाइड," वहिनी म्हणाल्या.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सुजाता दचकली, गोळी खाली पडली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. साहेबाने माझं बेनिफिटचं पुस्तक, जे दाखवून दर आठवड्याला पैसे मिळायचे ते, मागून घेतलं आणि आतल्या खिशात घातलं. गाडीत बसल्यावर वहिनींनी पर्समधून बिस्किटं काढली. खिडकीतून दिसत होतं.

पोर पुन्हा गप्प झाली. या वेळी माझ्याकडेही बघेना.

चार दिवसांनी वहिनींचा निरोप आला. मग त्या स्वतःच आल्या, दाराबाहेरूनच बोलल्या. "माझ्याकडे ये कामाला. स्वयंपाकघर सोडून बाकी सगळं. मुलांना बघायचं, क्लीनिंग. कॅश देईन, कोणाला सांगायला नको. मुलीला आण हवं तर. गॅरेजमध्ये हीटर आहे, बसेल ती तिथे."

आमची पोर गॅरेजमध्ये, त्यांची माझ्या मांडीवर. एक भिंत सोडून दुसरी भिंत. घरात पुरुष आहे अशी माझी चुगली ऑफिसात कोणी केली, याचा पुरावा मला कधीच मिळाला नाही. त्या दारात मात्र मला विचारायची गरज उरली नाही.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, पण खाशील काय?"

"ते मी बघते. तुम्ही उपवास सांभाळा."

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी मला समजावलं. आपलेच दात, आपलेच ओठ, बाहेर कशाला बोलायचं? दात त्यांचे होते, फुटला होता तो ओठ माझा होता.

मी बूट कॅरियर बॅगमध्ये घातले, पोरीला कडेवर घेतलं आणि बेनिफिट ऑफिसला गेले. जमिनीला खिळलेल्या खुर्च्या, काउंटरवर जाड काच. तोच साहेब. मला बघून म्हणाला, थांब, इंटरप्रिटरला बोलावतो.

"नो," मी म्हटलं. "नो लेडी. आय स्पीक."

तो हसला. बाजूची मुलगी हसली. मी काचेखालच्या फटीपाशी बॅग उपडी केली. बूट आदळले. साहेब मागे सरकला. मी एकेक बूट उलटा करून झटकला. आतून कुजका कागद पडला. ताठ उभे राहावेत म्हणून मीच कोंबला होता. त्याच्यावर हिरवं शेवाळ. एक गोगलगाय पडली, ती तिथेच काउंटरवर चालू लागली.

"पुट युअर फूट," मी म्हटलं. "यू. पुट. विच मॅन, दिस बूट? वन इयर रेन. यू नो लुक इनसाइड. माय पिलो यू लुक. बूट यू नो लुक."

मागच्या रांगेतली एक काळी म्हातारी मोठ्याने म्हणाली, "गो ऑन, माय लव्ह." मी थांबले नाही. पोरांचं सांगितलं, जळत्या चिंधीचं सांगितलं, भिंतीकडे तोंड केलेल्या बाबागाडीचं सांगितलं. व्याकरण गेलं खड्ड्यात. शब्द सापडला नाही तिथे हाताने दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझं म्हणणं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

पुस्तक परत मिळालं, काही आठवड्यांनी. माफी कोणी मागितली नाही. केस चालू राहील, नजर राहील, असं सांगण्यात आलं.

सुजाता तो अख्खा हिवाळा बोलली नाही. आता मी तिला बाबांचं सांगत नाही. सांगते, ते बूट आहेत, नुसते बूट. बाहेर कोणी उभं नाही. आपल्या दोघींना आपणच आहोत. भीती घालवायला रचलेली गोष्टसुद्धा कोणीतरी आपल्यावर उलटवू शकतं, तेव्हा पोरीला खरंच सांगायचं. कडू असलं तरी. आणि माझी जीभ मी पुन्हा कोणाच्या हाती देणार नाही. आपल्या भाषेतल्या माणसाच्या तर नाहीच.

बूट मी धुतले, वाळवले, पॉलिश केले. लोकरीचे मोजे एकावर एक चढवले की मला बसतात.

तपकिरी गाडी परवा पुन्हा आली. बेल वाजली तेव्हा सुजाता जिन्यावर होती. मी बूट घातले, दार उघडलं आणि उंबऱ्यात मधोमध उभी राहिले. साहेबाने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. पेन खिशातच राहिलं.

बूट कोणाचे, ते त्याने विचारलं नाही. विचारेल तेव्हा सांगीन.