निदिया तिबादुइसाचा दुसरा व्हिसा

बाप्तिस्म्याच्या दिवशी निदियाला मी हातांत धरलं तेव्हाही ती स्वस्थ नव्हती. पाद्रीबाबांनी डोक्यावर पाणी घातलं, तर तिने त्यांची बाही धरली ती सोडीचना. त्या दिवसापासून मी तिची माद्रिना, म्हणजे आईच्या खालोखालची. तिचा बाप लवकर गेला. आई, एर्मेन्सिया, कोलंबियात दुईतामाच्या बाजारात आल्मोहाबाना, म्हणजे चीजचे गोल पाव, भाजून विकते. माझं बटण-दोऱ्यांचं दुकान तिच्या भट्टीसमोरच, त्यामुळे दिवसभर माझ्या लोकरीला चीजचा वास.

बाविसाव्या वर्षी निदिया अमेरिकेत, मिनेसोटात एका घरी मुलं सांभाळायला गेली. त्या कामाचा व्हिसा ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की परतायचं. त्या घरातला धाकटा, टोबी, जन्मापासून बहिरा. हिचं इंग्रजी कच्चं आणि त्याला इंग्रजी ऐकू येत नाही, तेव्हा दोघांचं चांगलं जमलं. घरातले काय बोलतात हे समजायच्या आधी हिला टोबीच्या खुणा समजायला लागल्या. मुदत संपत आली तेव्हा तिच्या मनाने घेतलं की हेच शिकायचं. बहिऱ्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना सांगायचं आणि ऐकणाऱ्यांचं बहिऱ्यांना. तिकडे राहूनच तिने अर्ज केला आणि मुलं सांभाळणारीची ती विद्यार्थिनी झाली.

आम्हांला वाटलं, झालं काम. पण फोनवर ती म्हणाली, "माद्रिना, दर्जा बदललाय, व्हिसा नाही. इथे राहीन तोवर शिकता येईल. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत शिरायला नवा व्हिसा लागणार, आणि तो बोगोताला मुलाखत देऊन. तिथे नाही म्हणाले की सगळं संपलं."

म्हणून ती आलीच नाही. आजी गेली तेव्हाची प्रार्थनाही तिने फोनवर ऐकली.

व्हिडिओ फोनवर आईला ती खुणा शिकवायची. दूध, पाव, घर, भूक. एर्मेन्सियाला ते फार आवडलं. कणीक मळता मळता पिठाळ हातांनी मला करून दाखवायची. एका गुरुवारी बाजारात बटाट्याचा ट्रक आला. वर टपावर बसलेली विशीतली मुलगी बापाशी हातांनी बोलत होती. एर्मेन्सियाने लगेच पुढे होऊन खुणेने विचारलं, भूक लागली का? ती मुलगी, सोराइदा तिचं नाव, आधी बघत राहिली आणि मग पोट धरून हसायला लागली. अमेरिकेतल्या खुणा वेगळ्या, आपल्याकडच्या वेगळ्या, हे एर्मेन्सियाला कुठे ठाऊक? पोरीला काय कळलं कोण जाणे. तिचा बाप, एलिएसेर, खाली उतरला, टोपी काढून म्हणाला, "माफ करा हं बाई. ती पहिल्यांदाच अनोळखी माणसापुढे हसली." पुढच्या गुरुवारी तो आला तेव्हा त्याने दाढी केलेली होती. मी एर्मेन्सियाला म्हटलं, "बटाटे विकायला दाढी कशाला लागते गं?" तिने पिठाचा गोळा माझ्या दिशेने भिरकावला.

तर असं ते जुळलं, आणि जूनमध्ये लग्न करायचं ठरलं. एर्मेन्सियाने लेकीला फोनवर सांगितलं. चार दिवसांत लेक तिकीट काढून मोकळी. कॉलेजातल्या बाईंनी तिला बजावलं होतं, जाऊ नकोस, दर्जा बदलून घेतलेल्यांना फार प्रश्न विचारतात. तरी आली. लग्नासाठी आली की लग्न मोडायला, ते मला अजून सांगता येत नाही. तिलाही येत नसावं.

लग्न मात्र तिने मुकाट्याने पाहिलं. मग बोगोताची तारीख आली. मी सोबत गेले. बसमध्ये ती सगळा वेळ पुटपुटत होती. कुठल्याशा सल्लागाराने उत्तरं घोकायला दिली होती. मी म्हटलं, "पोरी, परीक्षा आहे की बोलणं?" म्हणाली, "माद्रिना, मध्ये बोलू नका, पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं."

वकिलातीच्या समोरच्या फुटपाथवर मी लोकरीची रुआना शालीसारखी गुंडाळून बसले. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. खिडकीपलीकडे एक तरुण साहेब होता, नम्र, स्पॅनिश छान बोलणारा. त्याने विचारलं, मुलं सांभाळायला म्हणून गेलात आणि राहिलात, आधीपासूनच तसं ठरवलं होतं का? तिने घोकलेलं म्हटलं. मग त्याने विचारलं, तुम्ही शिकताय ती अमेरिकन खुणांची भाषा कोलंबियात कोण बोलतं? हे सल्लागाराने दिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "कोणी नाही."

"मग शिकून परत कशाला याल?"

ती घोकलेल्यातलं उत्तर शोधू लागली. त्याने नकाराचा कागद आणि पासपोर्ट खिडकीतून बाहेर सरकवले.

परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "खरं तेच सांगितलं मी."

त्यानंतर ती घरात टिकेना. सकाळी चांग्वाची, दूध-अंड्याच्या सुपाची, वाटी अर्धी टाकून उठायची, बाजाराला फेऱ्या मारायची, माझ्या दुकानात यायची, बटणांचे डबे रंगाप्रमाणे लावायची, मग कंटाळून तसेच टाकून जायची. तिकडे तिची खोली, पुस्तकं, हिवाळ्याचे कपडे, सगळं अडकलेलं. ऑगस्टच्या शेवटी कॉलेज सुरू होणार. टोबी फोनच्या पडद्यावर रोज खुणांनी विचारायचा, कधी येणार? हिला टाळता येईना, कारण खुणांनी खोटं बोललं की चेहरा उघडा पडतो, असं ती म्हणायची.

एलिएसेरशी ती बोलायची नाही. तो बिचारा घरात आला की दाराशीच खोकायचा. एकदा जेवताना त्याने बटाट्याचं भांडं पुढे केलं. ती म्हणाली, "मला नको. इथे येऊन मी पुष्कळ खाल्लं."

एर्मेन्सियाने पळी खाली ठेवली. "त्यांच्यावर राग कशाला काढतेस? मला बोल."

"तुला काय बोलू? तुझ्या लग्नापायी मी इथे अडकले."

"मी तुला बोलावलं नव्हतं, निदिया. नुसतं सांगितलं होतं. सांगायचंही नाही का?"

एलिएसेर उठून ट्रक पुसायला गेला. ट्रक स्वच्छच होता.

सोराइदा हे सगळं बघत होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण भांडण कळायला कान लागत नाहीत. ती निदियाच्या खोलीत जाऊन बसायची. निदिया काही खूण करायची की ही तिच्या हातावर चापट मारून बरोबर खूण दाखवायची. शिकलेल्या बाईचा हात पुन्हा पहिलीत बसला. एकदा मी पाहिलं तर दोघी भिंतीला टेकून हसत होत्या. निदियाने 'बहीण' म्हणायला जी खूण केली तिचा सोराइदाच्या लेखी भलताच अर्थ होता. कुठला, ते मला दोघींनीही सांगितलं नाही.

जुलै संपता संपता सोराइदाच्या पोटात दुखायला लागलं. दुपारी ती बाजारातच पोत्यांवर वाकडी झाली. एलिएसेरने तिला ट्रकमध्ये घातलं, निदिया शेजारी बसली, मी दुकान उघडं टाकून मागे चढले. इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती. ती प्रश्न विचारी, एलिएसेर उत्तरं देई. कधीपासून दुखतं? सकाळपासून. पाळी कधी आली होती? तो लाल झाला, म्हणाला, ठीक असते. दिवस राहिलेत का? तो म्हणाला, छे, ती तसली मुलगी नाही.

सोराइदा बापाच्या ओठांकडे बघत होती आणि नाही नाही म्हणून मान हलवत होती.

निदिया पुढे झाली. "तुम्ही बाहेर थांबा," ती एलिएसेरला म्हणाली. लग्नानंतर ती त्याच्याशी धड बोलली ती तेव्हा पहिल्यांदा.

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच बाहेर थांबा. तिला तुमच्यासमोर सांगता येत नाही."

तो गेला. मीही गेले. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. निदियाचे हात अडखळत होते. एखादी खूण चुकली की सोराइदा दुखण्यातही मान हलवून तिला थांबवायची, आणि निदिया दुसऱ्या तऱ्हेने विचारायची. डॉक्टरीण थांबली, घाई केली नाही. दुखणं सकाळचं नव्हतं, आठवडाभराचं होतं. बापाला ट्रक सोडून दवाखान्यात बसावं लागेल म्हणून तिने लपवलं होतं. दिवस बिवस काही नव्हते. अपेंडिक्स होतं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत कापून काढलं. आणखी उशीर झाला असता तर फुटलं असतं, असं डॉक्टरीण म्हणाली.

एलिएसेर बाकावर बसून होता. निदिया त्याच्या शेजारी बसली. तो म्हणाला, "वीस वर्षं तिच्या वतीने मीच बोलतोय. मला वाटायचं, मला सगळं माहीत आहे."

निदियाने त्याला गुळाचं गरम पाणी आणून दिलं. त्या दिवसानंतर दाराशी खोकायचं त्याने सोडलं.

तिने पुन्हा अर्ज केला. या वेळी सल्लागार नाही, घोकणं नाही. इतक्या लवकर पुन्हा अर्ज करू नये असं सगळे सांगत होते. ती म्हणाली, "करते. नाही म्हणाले तर निदान डबे नीट लावून देईन तुमचे." बोगोताला एलिएसेर आम्हांला ट्रकमधूनच घेऊन गेला. वाटेत ती खिडकीची काच सारखी वर-खाली करत होती. शेवटी तो म्हणाला, "तुटेल गं ती." मग ती पाय हलवायला लागली.

आम्ही पुन्हा त्याच फुटपाथवर. या वेळी ती फारच लवकर बाहेर आली. एवढ्या लवकर म्हणजे नकारच, असं मनाशी धरून मी उठले.

"दिला," ती म्हणाली.

"काय सांगितलंस तू?"

"काहीच नाही. आज तो साहेब नव्हता, एक बाई होती. कुठल्या कॉलेजात, किती शिकून झालं, पुढच्या वर्षाची सोय काय, एवढंच विचारलं. खुणांचं नावच काढलं नाही तिने. पासपोर्ट ठेवून घेतला, मंजूर म्हणाली, पुढचा माणूस बोलावला."

तिला आनंद झाला होता, पण चिडलेलीही दिसत होती. ट्रकमध्ये बसल्यावर तिने मला ते सगळं ऐकवलं जे त्या खिडकीत सांगायचं राहून गेलं होतं: इथल्या इस्पितळात खुणा जाणणारं कोणी नाही, कचेरीत नाही, शाळेत नाही. तिकडे ती भाषा शिकत असली तरी दोघांच्या मध्ये उभं कसं राहायचं, आपलं मत मध्ये कसं घालायचं नाही, हे काम सगळीकडे सारखंच. इथल्या खुणा सोराइदा शिकवेल. एलिएसेर गाडी चालवता चालवता ऐकत होता. म्हणाला, "मला विचारलं असतं तर मी दिला असता व्हिसा." निदिया हसली.

"पण येणार का तू परत?" मी विचारलं.

"माहीत नाही, माद्रिना. आज येईन असं वाटतं. तिकडे गेले की टोबी दिसेल, मग काय वाटेल कोण जाणे."

मला ते उत्तर आवडलं नाही, पण खोटं नव्हतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिला विमानतळावर सोडायला आम्ही सगळे गेलो. एर्मेन्सियाने आल्मोहाबाना बांधून दिल्या, निदिया म्हणाली तिकडे चीज नेऊ देत नाहीत, म्हणून तिथेच उभ्याने सगळ्यांनी खाल्ल्या. मग ती आत गेली. काचेपलीकडे रांगेत उभी राहिली आणि मागे वळली. सोराइदा काचेशी गेली, आणि दोघींचे हात चालू झाले. मध्ये एवढी गर्दी, गोंगाट, दोघींना कशाचीच अडचण नाही.

"काय म्हणतायत?" एर्मेन्सियाने नवऱ्याला विचारलं.

एलिएसेर जरा वेळ निरखून बघत होता. "भराभर बोलतायत. थोडं समजतं, थोडं नाही."

रांग पुढे सरकली. मागच्या माणसाने निदियाच्या खांद्याला हात लावून तिला पुढे व्हायला सांगितलं. ती उलटं चालत, बोलत बोलतच पुढे गेली.