आतोबांची नदी

आमच्या आतोबांइतका योजून वागणारा माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसेल. घडवायला घेतला असेल, तर त्याचं ड्रॉइंग अजून चालू असेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म काढून हा माणूस निवृत्त झाला, बनशंकरीतल्या घरी बसला आणि घरादाराची झोप उडाली. कॅलेंडर टांगायचं तर आधी भिंतीचं ड्रॉइंग. खिळ्याची जागा ठरेपर्यंत दिवाळी उलटायची, मग "आता नव्या वर्षाचंच लावू, सरी?" म्हणून ते मोकळे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे 'बरं ना'च्या जागी ते 'सरी' म्हणत, आणि घाई करणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर असे, "स्वल्प थांब." नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीसाठी मी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा हेच ते एका रिक्षावाल्याला सांगत होते. तो कसला थांबतोय!

आत्याचं माहेर कृष्णाकाठचं. बंगळुरात तिला सगळं मिळालं, नदी तेवढी मिळाली नाही, आणि शहराला नदी नाही याचा ठपका ती लग्नापासून आतोबांवर ठेवत आली होती. पुढे तिचे गुडघे गेले, माहेरची वाट बंद झाली. श्रावणात भरल्या नदीची ओटी भरायची राहते म्हणून ती पदराने डोळे पुसू लागली, तेव्हा आतोबा विरघळले. म्हणाले, नदी मी घरात आणतो. बेत साधा होता. पुढच्या खोलीत काचेची टाकी, तिच्यात अर्धंच पाणी, मागे गोट्यांचा उतार, आणि त्यात मुळं पाण्यात नि पानं हवेत अशी काठावरची झाडं. शिवाय थोडे मासे.

झालं! वरून कशी दिसेल, समोरून कशी, मधोमध कापली तर कशी, सगळी ड्रॉइंगं भिंतीवर चढली. टाकी आली आणि कोरडी बसून राहिली. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठून लव्हाळा, वेखंड, अळू ओल्या पोत्यात गुंडाळून सिटी बसने येऊ लागलं. पण प्रत्येक झाडाची आधी बादलीत परीक्षा. न्हाणीघरात एक बादली मोकळी राहिली नाही. मी आंघोळ कशात करू विचारलं, तर स्वल्प थांब! आत्याने वैतागून एकदा परीक्षेला बसलेल्या अळूचं फदफदंच करून टाकलं. रानचं अळू ते, सगळ्यांचे घसे खाजले. आतोबा पाणी पीत एवढंच म्हणाले, की तू माझा डावा काठ शिजवलास.

असं करता करता श्रावण आला. टाकीत उतार झाला होता, पाणी भरलं होतं आणि एका कोपऱ्यात लव्हाळा उभा होता. एका सकाळी आतोबा बेळ्ळंदूरला गेलेले. आत्या जरीचं नेसली, भिंत धरधरत टाकीपाशी आली. गोट्यांवर खण-नारळ ठेवला, पाण्यात हळदकुंकू, तांदूळ वाहिले आणि हात जोडून उभी राहिली. इतकी सुखावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

आतोबा परतले आणि ते पाणी पाहून जागीच थबकले. रागावले नाहीत, रागावले असते तर ती भांडली तरी असती. त्यांनी तिला प्रेमाने समजावलं, की अजून वेखंड लागायचंय, मासे यायचेत, हळदीने मुळं कुजतील. पुढच्या श्रावणात पुरी नदी देतो. मग तांब्याने टाकी उपसायला बसले. आत्या बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि खण घडी करून ठेवून दिला. पुढचा श्रावण काही तिच्या वाट्याला आला नाही.

ती गेल्यावर आतोबांनी नदी पुरी केली. वेखंड काचेबाहेर डोकावू लागलं, मुळांतून मासे फिरू लागले. शेजारपाजारचे बघायला यायचे, वा वा करायचे. मीही एकदा म्हटलं, आतोबा, अगदी ड्रॉइंगसारखी झाली हो.

त्यांनी वेखंडाचं एक पिवळं पान खुडून बाहेर काढलं. मग म्हणाले, "तिची तर त्याच दिवशी झाली होती गं. मीच उपसून टाकली."

मला फार वाईट वाटलं. मी नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले.